उतारावरचे बूट

रायस्वाइक, ८ सप्टेंबर

ति. अण्णांस,
शुभदाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला माझं निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही अंदाजाने भरता. त्यामुळे मागच्या रविवारी मला बढती मिळाली असं तुम्ही शेजारी सांगून आलात म्हणे. बढती नाही, अण्णा. हिशेबाच्या ऑफिसातलं काम उन्हाळ्याआधीच सुटलं होतं. आता नवी नोकरी लागली आहे आणि ती नीट समजावून सांगावी म्हणून हे पत्र. याचा फोटो संध्यावहिनीला पाठवते, ती मोठ्या अक्षरात छापून देईल.

डेल्फ्टला डोंगरात जाणाऱ्यांच्या सामानाचं एक दुकान आहे. तंबू, दोर, पाठीवरच्या पिशव्या. मी बुटांच्या विभागात आहे. गिऱ्हाईक बाकावर बसतं, मी समोर बुटक्या स्टुलावर. त्यांचं पाऊल मोजायचं, बूट चढवायचा, नाडी बांधायची, अंगठ्यापुढे जागा उरली का ते दाबून बघायचं. तुम्हाला हे आवडणार नाही, मला माहीत आहे. पण दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. घरून सायकलने कालव्याच्या कडेने जाते, अभिजित आणि जुई दोघंही म्हणतात की मी आता पूर्वीपेक्षा कमी चिडते.

काल मात्र एक गोष्ट घडली आणि ती डोक्यातून जात नाही. मेनेर हाउटमन नावाचे एक सत्तरी उलटलेले गृहस्थ आले. (डचमध्ये मेनेर म्हणजे आपलं ‘राव’.) त्यांचा धाकटा भाऊ ऑस्ट्रियात, टिरोलच्या डोंगरात राहतो. तरुणपणापासून दोघे दर नोव्हेंबरात तिथे शिकारीला जातात. रानबकरीसारखं एक जनावर असतं, कड्यांवर राहणारं. यंदा भाऊ डोंगरातलं घर विकून खाली शहरात जाणार आहे, म्हणजे ही शेवटची खेप. त्यांना भावासारखेच जाड चामड्याचे, ताठ बूट हवे होते आणि मापही जन्मभर घेतात तेच.

मी त्यांचा जुना बूट काढला तर आतून एक खडा पडला. मोज्यावर रक्ताचा डाग. स्टेशनपासून ते तो खडा घेऊन चालत आले होते आणि त्यांना पत्ताच नव्हता. मी त्यांच्या पायाचा अंगठा दाबला, ते हवेबद्दल बोलत राहिले. आणखी जोरात दाबला, तर त्यांनी विचारलं की तुम्ही सुरुवात कधी करणार.

विचारल्यावर कळलं, त्यांना साखर आहे, अण्णा. पाय बधिर झाले आहेत. बर्फात अशा पायांचं काय होतं ते आम्हाला शिकवलं आहे. मी सांगितलं की डॉक्टरांनी पाय बघितल्याशिवाय मी बूट देणार नाही. ते लालबुंद झाले. मी दुकानात आलोय, दवाखान्यात नाही, असं म्हणून निघून गेले. आमची मॅनेजर रागावली नाही, पण असा निर्णय गिऱ्हाइकाचा असतो एवढं तिने मला ऐकवलं. आता ते दुसरीकडून तेच बूट घेतील अशी धास्ती वाटते.

तुमची साखर किती आहे? खरी सांगा.

राग आला तरी माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची,
शुभदा

*

सातारा, १७ सप्टेंबर

चि. सौ. शुभदास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचले. उत्तर लगेच दिले नाही कारण राग आला होता आणि रागात माझे अक्षर बिघडते.

तुला एम.कॉम. केले ते परक्यांच्या पायाशी बसण्यासाठी नव्हे. तुझी आई असती तर तिनेही हेच म्हटले असते. किंवा कदाचित म्हटले नसते, तिचे तुझ्या बाबतीत काही सांगता येत नसे. शेजारच्या मंडळींना आता काय सांगू? बढतीचे पेढे मागत आहेत.

त्यात आणखी शिकारी! वनखात्यात माझी हयात शिकाऱ्यांच्या मागावर गेली. कोयनेच्या रानात भेकराचा माग काढणाऱ्यांना पकडून मी तालुक्याला चालवत नेले आहे. आणि माझी मुलगी त्यांच्याच जातभाईंना बूट घालते. देव माणसाची थट्टा करतो ती अशी.

तरी विचारले नाहीस पण सांगतो. चढावर बूट कसाही चालतो. फजिती होते ती उतारावर. सगळा भार बोटांवर येतो, बूट लहान असला तर नखे काळी पडतात आणि सैल असला तर पाय आत घसरतो. डोंगराचा बूट घेणाऱ्याने दुकानात चढून दाखवू नये, उतरून दाखवावे. तुमच्या सपाट देशात उतार कुठला आणणार, हा प्रश्न वेगळा.

माझी साखर ठीक आहे. संध्याला फोन करून चौकशा करू नकोस, ती बिचारी खोटे बोलताना अडखळते.

तो म्हातारा पुन्हा आला का, ते मात्र कळव.

राग आहे, आशीर्वादही आहेत. दोन्ही एकाच पाकिटात.
अण्णा

*

रायस्वाइक, ६ ऑक्टोबर

ति. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

आले! गुरुवारी दुपारी आले. माफी वगैरे काही नाही. बाकावर बसले आणि पाय पुढे केला. त्यांच्या हाउसआर्ट्सने, म्हणजे घरच्या डॉक्टरने, त्यांना पायांच्या तज्ज्ञाकडे पाठवलं होतं. जायला हरकत नाही, पण अटी आहेत. बूट रुंद हवेत, मोजे लोकरीचे आणि आत शिवण नसलेले हवेत, चाल थोडी हवी आणि रोज संध्याकाळी कुणीतरी तळवे नीट बघायला हवेत.

मी पाऊल मोजलं. वयाने ते पसरलं होतं, जन्मभराच्या मापापेक्षा दीड नंबर मोठं. ते मानायला तयार होईनात. त्यांना टोचत नाही, बोचत नाही, मग पटवणार कसं? शेवटी भावासारख्या त्या ताठ बुटातली आतली गादी काढून जमिनीवर ठेवली आणि त्यांना तिच्यावर उभं केलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गादीच्या बाहेर जात होती. पायाला कळत नव्हतं ते त्यांच्या डोळ्यांना दाखवलं. मग त्यांनी स्वतःच तो जोड बाजूला सारला.

दुसरा जोड सगळ्यात उबदार. त्यांना तोच आवडला, पण मी नको म्हटलं. इतक्या उबेत चढावर पाय घामाने भिजतो, आणि थांबलं की तोच घाम गारठतो. गिऱ्हाइकं बुटात घालायच्या गरम पुड्याही मागतात. त्या तर यांना मुळीच द्यायच्या नाहीत. भाजलं तरी समजायचं नाही.

तिसरा जोड मध्यम उबेचा, पुढून रुंद, आतून मऊ, घोट्याच्या वरपर्यंत, खालून मात्र मजबूत. आमच्या दुकानात लाकडी उतरण आहे, तिच्यावर दगड बसवलेले आहेत. या देशात चढ म्हणजे कालव्यावरचा पूल, म्हणून ती सोय. तुमचं ऐकून मी त्यांना उतरायला लावलं, मध्येच थांबवलं आणि टाचेमागे बोट घातलं. बोट सहज आत गेलं, म्हणजे पाय पुढे घसरत होता. नाडी घोट्यापाशी वेगळी आवळून बांधली, पुन्हा उतरवलं. या वेळी बोट शिरलं नाही.

हे कुणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वडिलांनी, ते रानात फिरायचे. मग ते शिकारी का? नाही, शिकाऱ्यांना पकडायचे. अण्णा, ते पहिल्यांदा हसले.

अवघड गोष्ट शेवटी आली. रोज तळवे बघणार कोण? त्यांना स्वतःला तळवा दिसेल इतकं वाकता येत नाही. भावाला सांगा, मी म्हटलं. आमच्या घरात पुरुष फक्त हात मिळवतात, एवढंच म्हणाले. बूट घेऊन गेले, पण भावाला सांगतील की नाही, काही कळलं नाही.

परक्यांच्या पायाशी बसते म्हणून तुम्ही रागावलात. मी दर दिवाळीला तुमच्या पायांवर डोकं ठेवलं आहे, पण तुमचे तळवे मी एकदाही बघितले नाहीत. पाया पडताना पावलाची वरचीच बाजू दिसते. हे मला इथे स्टुलावर बसल्यावर लक्षात आलं.

आशीर्वाद हवेच आहेत. राग पुन्हा सोबत पाठवलात तरी चालेल.
शुभदा

*

सातारा, २२ ऑक्टोबर

चि. सौ. शुभदास,
अनेक आशीर्वाद.

चकलीची भाजणी दळून आली, घर खमंग झाले आहे. त्यामुळे मोठे पत्र लिहीत नाही.

गादीवर उभे करण्याची युक्ती चांगली. त्या गृहस्थास सांग की प्रवासाला निघण्याआधी नवे बूट घरातल्या घरात घालून जिना उतरावा. रोज थोडा थोडा. कोऱ्या बुटाने कोणी डोंगरात जात नाही.

भावाला सांगायला जीभ रेटत नाही हे मी समजू शकतो. गुरुनाथ आणि मी एका खोलीत बातम्या पाहतो. पाऊस झाला, वीज गेली, एवढेच आमचे बोलणे. तो वाईट मुलगा नाही. मीही वाईट बाप नसावा.

माझे तळवे मीही पाहिलेले नाहीत. पाहण्यासारखे काय असते तिथे?

दिवाळीला जुईला माझ्यातर्फे एक लाडू जास्त दे.
अण्णा

*

रायस्वाइक, २४ नोव्हेंबर

ति. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

मेनेर हाउटमन परत आले आहेत. काल मुद्दाम दुकानात आले, काही घ्यायला नाही. मी त्यांना कॉफी दिली आणि ते सांगत बसले.

जिना उतरण्याचा तुमचा सल्ला मी त्यांना फोनवर कळवला होता, तो त्यांनी तंतोतंत पाळला. टिरोलला पोचल्यावर पहिल्या संध्याकाळी त्यांनी आपणहून भावाला काही सांगितलं नाही. मोजे काढून शेगडीजवळ नुसते बसून राहिले. भावाने विचारलं, काय झालं? तेव्हा मग सगळं सांगितलं. भाऊ उठला, चष्मा आणि टॉर्च घेऊन आला आणि त्याने त्यांचा पाय सरळ मांडीवर घेतला. एकेक बोट बाजूला करून उजेडात बघितलं. दुसऱ्या दिवशी पाय बघता बघता भाऊ म्हणाला की हे पाय मी शेवटचे पाहिले ते लहानपणी, आपण ओढ्यात बेडूक धरायचो तेव्हा. त्यावरून आईचा विषय निघाला, वडिलांचा निघाला, मग शेगडी विझेपर्यंत बोलणं थांबलं नाही.

पुढे एकदा करंगळीच्या कडेला लाल ठिपका दिसला. यांना कसलीच जाणीव नव्हती. भावाने ठरवलं की उद्या वर जायचं नाही. यांनी वाद घातला. शेवटची खेप आहे, एवढ्यासाठी आलो आहे. भाऊ ऐकेना. म्हणून दुसऱ्या दिवशी दोघे ओसरीवर घोंगड्या पांघरून दुर्बिणीतून समोरचा कडा बघत बसले. रानबकऱ्यांचा कळप आला, पिल्लांसकट, आणि बर्फ उकरून चरत राहिला. बंदुका आत भिंतीवर. इतक्या वर्षांत त्या जनावरांना एवढा वेळ आपण कधी बघितलंच नव्हतं, असं ते म्हणाले. लाल ठिपका विरला. शिकार काही झाली नाही. तुम्हाला बरं वाटेल.

निघताना त्यांनी मला विचारलं, “तुमच्या वडिलांचे पाय कोण बघतं?”

अण्णा, मी खरं ते सांगितलं, कुणीच नाही. मी इथे दिवसभर कुणाकुणाचे पाय हातात घेते आणि तुमचे सात समुद्रांपलीकडे. गुरुनाथदादाला सांगा. एकदाच. माझ्यासाठी.

वाट बघते आहे, हे निराळं लिहायला नको.
शुभदा

*

सातारा, ११ डिसेंबर

चि. सौ. शुभदास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून मी ते उशीखाली ठेवून दिले होते. सांगायचे नाही असेच ठरवले होते. पण गुरुनाथ संध्याकाळी ऑफिसातून आला, चहा घेत होता, आणि मला एकदम त्या भावाच्या चष्म्याची आठवण झाली. मी म्हणालो, गुरू, जरा माझा पाय बघतोस का?

त्याने कप खाली ठेवला. खाली बसला आणि पाय मांडीवर घेतला. मला ओशाळल्यासारखे झाले. मी छताकडे पाहत राहिलो. शेवटी खाली पाहिले तर त्याचे डोळे भरले होते.

डाव्या टाचेला खोल भेग होती आणि आत चिघळले होते. मला दुखत नव्हते, म्हणून मी ते नाहीच असे धरून चाललो होतो. त्याच संध्याकाळी त्याने मला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी जखम साफ केली. वेळेवर आलात, म्हणाले. आणखी उशीर झाला असता तर टाच वाचवणे कठीण होते. साखरही ठीक नव्हती. ते तुला ठाऊक असणारच, संध्या अडखळली असेल.

आता जखम भरत आली आहे. गुरुनाथ रोज कोमट पाण्याने पाय धुतो, पाणी आधी स्वतःच्या कोपराला लावून बघतो. मग टिपतो, पट्टी बांधतो. टीव्ही तेवढा वेळ बंद असतो. त्याची बदली अडली आहे, त्याचा गुडघा दुखतो, लहानपणी मी त्याला फॉरेस्ट बंगल्यावर न्यायचो तेव्हा तो अंधाराला भ्यायचा, असे काय काय तो माझ्या पायाकडे बघून सांगतो. तोंडाकडे बघून त्याला हे कधी जमले नसते, आणि मलाही ऐकणे जमले नसते.

शेजारच्या मंडळींनी तुझ्या नोकरीचे विचारले. मी सांगितले, ती डेल्फ्टला लोकांचे पाय बघते. डॉक्टर का, म्हणाले. नाही म्हटले, बूट घालते. पण बूट कोणाला द्यायचे नाहीत हेही तिला कळते. पेढे दिले.

डॉक्टर म्हणतात, चप्पल बंद करा, रुंद बूट घ्या. इथल्या दुकानात पोऱ्या लांबूनच नंबर विचारतो. तेव्हा तूच निवड. डोंगराचे नकोत. मला फाटकापर्यंत आणि फार तर वाचनालयापर्यंत जायचे आहे. नाडी घोट्यापाशी कशी आवळायची ते गुरुनाथला फोनवर दाखव, मला त्यात ऐकू येत नाही.

सोबत कागद आहे. त्यावर उभा राहिलो आणि गुरुनाथने दोन्ही पावलांभोवती पेन्सिल फिरवली. उजव्या पायाला गुदगुल्या झाल्या, मी हसलो. डाव्याला झाल्या नाहीत. डॉक्टरांना सांगितले आहे. तुझ्यापासूनही लपवत नाही.

तुझ्या हातांना आशीर्वाद.
अण्णा