चष्म्याशिवायचं वजन

६ जानेवारी, सोमवार

साडेएक्याऐंशी! ताईने वाकून काटा वाचला आणि मोठ्याने सांगितला, वर्गात मार्क वाचून दाखवावेत तसा. हे दाराआडून म्हणाले, "पास की नापास?" ताई म्हणाली, "नापास. पण फेरपरीक्षा आहे."

फेरपरीक्षा अशी: माझं मूत्रपिंड ताईला जुळतं. रक्तगट, बाकीच्या तपासण्या, सगळं जुळलं. फक्त मी जाड आहे. चौऱ्याहत्तरच्या आत आले तर माझं नाव समितीपुढे जाईल. समिती ३१ मार्चला बसते. पुढची बैठक थेट तीन महिन्यांनी. आणि ताईच्या हाताची नस डायलिसिसला आता फार महिने पुरायची नाही — हे डॉक्टरांनी ताई बाहेर गेल्यावर सांगितलं.

ते सांगत होते तेव्हा मी टेबलावरचा पेपरवेट बघत होते. काचेत अडकलेला निळा बुडबुडा. काही वाटलं नाही. घरी येऊनही नाही. भांडी घासली, झोपले.

वजनकाटा ताईचा. अंगात पाणी किती साठलं हे तिला रोज बघावं लागतं, म्हणून तो तिच्या खोलीत असतो. मी चष्मा काढून उभी राहते — चष्म्याचं वजन कशाला अंगावर घ्या! — आणि चष्म्याशिवाय मला स्वतःचे पायसुद्धा धूसर दिसतात. तेव्हा काटा वाचायचं काम ताईचं.

७ जानेवारी

चालायला गुडघे नको म्हणतात. पोहायला मी नको म्हणते. राहिलं टेबल टेनिस.

आमच्या वाचनालयाच्या तळघरात टेबल आहे, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांखाली. पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरने आणि मी जेवणाच्या सुट्टीत गठ्ठे हलवले. त्याच्या बोटांना कायम खळ. बॅट हाताला चिकटते, म्हणतो, हा माझा फायदा.

"किती वर्षांनी खेळताय, बाई?"

"चव्वेचाळीस."

"मग चेंडू तुम्हाला ओळखेल का?"

नाही ओळखलं. चाळीस मिनिटं झाली, त्यातली वीस कपाटांखाली चेंडू शोधण्यात. ताईला प्रामाणिकपणे सांगितलं. ती म्हणाली, "वाकून शोधलास ना? मग धर."

२१५ कॅलरी.

१० जानेवारी

ताईने वही आखून दिली. गणिताची मास्तरीण ती, तीस वर्षं. वजन, मिनिटं, खेळाचा आकडा, गुणाकार. खाण्यातून रोज पाचशे कमी. एक किलो म्हणजे सात हजार सातशे. बारा आठवड्यांत साडेसात किलो उतरतात, तिने मांडून दाखवलं. पट्टीने रेघ मारून खाली दोनदा अधोरेखित. म्हणाली, "गणित बसतं, छोटे. तू बसू नकोस म्हणजे झालं."

एक्याऐंशी किलोची छोटी!

१३ जानेवारी, सोमवार

साडेऐंशी. यांनी टाळ्या वाजवल्या.

१९ जानेवारी

रविवार. तळघर बंद. बॅट उगाच हातात घेऊन बसले होते. रबराच्या वासाने शाळेचा हॉल आठवला. फरशीला मेणाचं पॉलिश, उंच खिडक्या, शिस्तीत उभ्या केलेल्या खुर्च्या. पायमोजे गुडघ्यापर्यंत ओढलेले नसले तर बॅट मिळायची नाही. मी चौदाची, ताई तेव्हा वरच्या वर्गांना शिकवायला नुकतीच लागलेली. वसतिगृहात मी एकटी पडू नये म्हणून तिने तीच शाळा धरली. संध्याकाळी ती आमचे गुण मोजायला बसायची आणि बिनदिक्कत माझ्या बाजूने चोरायची. सात-पाच असले की आठ-पाच! तोंडावर रेष हलायची नाही.

खेळाच्या सिस्टर म्हाताऱ्या होत्या. कधी ओरडल्या नाहीत. खिडकीपाशी जपमाळ ओढत असायच्या, मान न वळवता एवढंच म्हणायच्या — "पुन्हा मोज." आणि ताई पुन्हा मोजायची. खरं मोजायची.

२७ जानेवारी, सोमवार

एकोणऐंशी. ठरल्यापेक्षाही पुढे आहे. बॅकहँड परत यायला लागलाय. बाइंडर आज म्हणाला, "बाई, चेंडू आहे, पुस्तक नाही. परत यायची वाट बघत उभ्या राहू नका, पुढे जाऊन घ्या."

६ फेब्रुवारी

डॉक्टरांकडे दोघी. त्यांनी ऑपरेशन समजावलं. माझ्या बगलेपासून पोटापर्यंत पेनाने रेघ ओढली, कपड्यावरूनच, हवेत. मग तीन महिने जड उचलायचं नाही. पुढे जन्मभर दर वर्षी तपासणी. "एकावरही माणूस छान जगतो," म्हणाले. "शंभरातल्या जवळजवळ सगळ्यांना काही होत नाही."

ताईने विचारलं, "जवळजवळ म्हणजे किती?"

त्यांनी आकडा सांगितला. लहान होता. ताईने तो फाइलच्या मागे लिहून घेतला.

परत येताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली. मी डब्यातलं सफरचंद कापलं. अर्धं तिने खाल्लं नाही. मी खाल्लं. ४५ कॅलरी, लिहिल्या.

१० फेब्रुवारी, सोमवार

एकोणऐंशी. दोन आठवड्यांत काही नाही! ताई म्हणाली, "शरीर जुळवून घेतं. थांबतं मध्येच."

१७ फेब्रुवारी, सोमवार

साडेअठ्ठ्याहत्तर.

१८ फेब्रुवारी

५० मिनिटं. २६०.

२४ फेब्रुवारी, सोमवार

साडेअठ्ठ्याहत्तरच.

वही घेऊन बसले. वहीप्रमाणे मी एव्हाना सत्याहत्तरवर हवी. ताईला विचारलं, गुणाकार कुठे चुकतोय का? ती म्हणाली, "गुणाकार बरोबर आहे. माणूस म्हणजे गुणाकार नव्हे." तीस वर्षांत हिने कुणाला असं सांगितलं असेल असं वाटत नाही.

रात्रीची पोळी बंद. फक्त सूप.

१ मार्च

खेळायच्या पँटची नाडी पोटाशी दोनदा गुंडाळावी लागते. अंगठी भांडी घासताना निघून मोरीत गेली. यांनी जाळी उचकटून काढली. बाइंडर म्हणतो, "बाई, पुठ्ठा तोच, पानं कमी झालीत." हे म्हणतात, गालफडं दिसायला लागली.

लोकांचं काय! काटा काटा असतो. ताईने दर सोमवारी वाचावा आणि मी विश्वास ठेवू नये, असं कसं?

३ मार्च, सोमवार

अठ्ठ्याहत्तर. ताई डोळ्यांत न बघता वहीत लिहिते. तिला वाईट वाटत असणार. मला म्हणाली, "दूध घे कपभर. पांढरी पडलीस." मी नाही घेतलं. तिने कप टेबलावर तसाच ठेवला. साय धरली त्याच्यावर. मी सायीकडे बघत बसले. कामावर जायला उशीर झाला.

१० मार्च, सोमवार

साडेसत्याहत्तर. एकवीस दिवस. साडेतीन किलो.

मला भीती वाटायला हवी. डॉक्टरांनी ताईच्या हाताची नस पुन्हा तपासली, तोंड वाकडं केलं. तरी मी उभी होते आणि भिंतीवरच्या तक्त्यातली मूत्रपिंडं बघत होते — दोन घेवड्याच्या शेंगांसारखी, समोरासमोर. मनात आलं, टेबलाच्या दोन बाजू. बास, एवढंच आलं.

१४ मार्च

पडले.

सर्व्हिस घ्यायला चेंडू वर टाकला आणि तो खाली आलाच नाही असं वाटलं. मग फरशी. बाइंडरने वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर बसवलं, साखरेचं पाणी पाजलं. "बाई, सकाळपासून काय खाल्लंत?" मी म्हटलं, एक उकडलेलं अंडं. तो म्हणाला, "कुणासाठी एवढं?" मी म्हटलं, बहिणीसाठी. त्याने बॅटा कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली खिशात. "सोमवारी देईन. जेवून आलात तर."

घरी सांगायचं नव्हतं, पण कोपर सुजलं होतं. ताईने बर्फ धरला. काहीतरी म्हणायला तोंड उघडलं तिने, मग म्हणाली, "पुरे झाला खेळ. सोडून दे."

"सतरा दिवस आहेत अजून."

"छोटे, ऐक माझं."

"सातवीत नाही ऐकलं ते आता ऐकू?"

ती उठून खोलीत गेली. बर्फ माझ्या हातातच वितळला.

१७ मार्च, सोमवार

सत्याहत्तर. चौदा दिवसांत तीन किलो व्हायचे नाहीत. हे मला कळतं. पोटभर न्याहारी करून गेले, किल्ली मिळाली. ४० मिनिटं. खेळले. का, माहीत नाही.

२२ मार्च, शनिवार

नीट लिहायचं.

हे ताईला डायलिसिसला घेऊन गेले. शनिवार, वाचनालय अर्धा दिवस. घरी आले. ताईची चादर बदलायला तिच्या खोलीत गेले. काटा मध्येच होता. पायाने सरकवण्याऐवजी त्याच्यावर उभी राहिले. उगाच. कपड्यांसकट, चपलांसकट. चष्मा काढायचा राहिला.

खाली बघितलं.

साडेत्र्याहत्तर.

उतरले. पुन्हा चढले. साडेत्र्याहत्तर. काटा बिघडला म्हणून स्वयंपाकघरातून पिठाची न फोडलेली पाच किलोची पिशवी आणून ठेवली. बरोबर पाच. साखरेचा किलोचा पुडा. बरोबर एक.

काटा बिघडलेला नाही.

मग ताईच्या पलंगावर बसले. उशाशी ती फाइल होती. मागच्या बाजूला तो लहान आकडा, डॉक्टरांनी सांगितलेला. त्याच्याभोवती पेनाने गोल. गोलावर गोल. कागद फाटेपर्यंत.

सहा फेब्रुवारीनंतरचा प्रत्येक सोमवार मी वहीत पाहिला. तिचं अक्षर एकदम सुबक. कुठेही खाडाखोड नाही.

चादर बदलली. पिशवी जागेवर ठेवली. दोघं आली तेव्हा चहा तयार होता.

२४ मार्च, सोमवार

नेहमीसारखी उभी राहिले. चष्मा हातात. ताई गुडघ्यावर हात टेकून हळू वाकली.

"साडेशहात्तर."

मी म्हटलं, "पुन्हा मोज."

ती वाकलेलीच राहिली. मला तिचं तोंड दिसत नव्हतं, फक्त पांढरा भांग. मग धरत धरत पलंगावर बसली.

"कधी कळलं?"

"शनिवारी."

"चष्मा घालून चढलीस?"

"हो."

"लबाड!" म्हणाली. मला!

मी काट्यावरून उतरले नव्हते. तिथूनच विचारलं, "सरळ 'नाही' का म्हणाली नाहीस?"

"म्हटलं असतं तर तू काय केलं असतंस? दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसली असतीस. मी ओळखत नाही का तुला? तारीख टळली असती म्हणजे डॉक्टरच नाही म्हणाले असते. मी वाईट झाले नसते, तूही नाही." मग पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत म्हणाली, "मी अडुसष्ट. तू अठ्ठावन्न. तुझा नवरा अजून चहात साखर दोनदा घालतो. माझ्यामागे कोण आहे? तुझ्यातलं काढून माझ्यात घालायचं — ही वजाबाकी मला जमत नाही, छोटे. कशीही मांडली तरी."

"आणि मी पडले तेव्हा?"

"त्या रात्री सांगणार होते. तुझ्या दारापर्यंत आले होते."

राग यायला हवा होता. शोधला. नाही सापडला. चार आठवडे सूप पीत होते, म्हणून असेल.

मी म्हटलं, "शाळेत सिस्टर पुन्हा मोज म्हणाल्या की तू खरा आकडा सांगायचीस."

"तेव्हा सिस्टरची भीती होती."

"मग आता सांग. तुझ्यामागे कोण आहे म्हणतेस. माझ्यामागे तू नसलीस तर मी गुण कुणाला विचारू?"

हे बाहेरून ओरडले, "पास की नापास?"

कामावर गेले. परत आलेली पुस्तकं जागेवर लावली. एकशे बारा.

२५ मार्च

ताई डायलिसिसहून आली, भिंतीकडे तोंड करून पडली. हे दोघींना दोन खोल्यांत चहा पोचवून दमले. "तुम्ही दोघी बोला तरी, नाहीतर मला तरी बोलू द्या!"

३५ मिनिटं खेळले. कॅलरी मांडल्या नाहीत. मांडणारी पडून होती.

२६ मार्च

सकाळी डोळे उघडले तर वजनकाटा माझ्या पलंगाशी. त्याच्यावर माझा चष्मा, काचा पुसून. ताई दारात, फाइल छातीशी धरून, बाहेर जायचे कपडे घालून. म्हणाली, "दवाखाना नऊला उघडतो. चष्मा घाल. आज तू वाच."

घातला. चढले. चष्मा असूनही काटा दिसेना. सगळं पाणी पाणी.

शेवटी ताईच वाकली. "त्र्याहत्तर," म्हणाली.