कडब्याचं पाणी

प्रिय आत्या,

तू गेल्यावर पहिल्यांदाच तुला लिहितोय. आज सकाळी तुझ्या हळदीच्या शेतात उभा होतो आणि पायाखाली गवत फारसं नव्हतं. तू होतीस तेव्हा जे बोललो नाही, म्हणून ते आज कागदावर.

तो दिवस आठवतो तुला? परसात दोन निळे ड्रम होते. एकात जीवामृत, पिकाला जोम देणारं, शेण-गुळाचं. दुसऱ्यात ज्वारीचा कडबा कापून भिजवलेला. जिथं कडब्याची गंजी लागते, तिथं पुढच्या पावसात गवत धड उगवत नाही, हे तूच हेरलं होतंस. कोणी शिकवलं होतं तुला? शाळेत तर चौथीपर्यंतच गेलीस.

"राजू, कडब्याचं पाणी हळदीच्या ओळीत शिंपड, गवत उगवाच्या आंधी. जीवामृत मिरचीच्या वाफ्याले. ध्यानात राह्यन ना?"

"मी का लहान हाय, आत्या?"

जऊळक्याच्या स्टेशनवर मित्र थांबला होता. कुठं जायचं ते ठरलं नव्हतं, पण जायची घाई होती. दोन्ही ड्रम सारखेच काळपट, सारखेच आंबलेले. उरकलं आणि पळालो. पुढं वाटेत भेटलेला ट्रक, ड्रायव्हरनं खाऊ घातलेली खिचडी... पण ते राहू दे.

महिन्यानं परतलो तर हळदीत गवत गुडघ्याएवढं. मिरचीच्या वाफ्यात काहीच नाही. निंदायला आलेल्या कमलबाई हसत होत्या, "कावो बाई, तुह्या औषधानं तं गवत जोमात आलं. आमच्या रोजाची सोय केली तू."

तूही हसलीस. मला म्हणालीस, "माहंच काही चुकलं असन रे. अन् मिरचीचं बी भी खराब निंघालं."

मला तिथंच कळलं होतं. वाफ्यात मिरची नव्हती, पण गवताची काडीही नव्हती. तुझं कडब्याचं पाणी तिथं पडलं होतं आणि जीवामृत हळदीत. तू खरी ठरली होतीस, आत्या. आणि मी भाकरी खात गप्प बसलो. काहून? दोन शिव्याच दिल्या असत्यास ना?

तू कडबा भिजवणं सोडलंस. मग दरवर्षी वाकून निंदत राहिलीस, दुखरा गुडघा फडक्यानं बांधून. पण तूही कशी गं, एकदाही विचारलं नाहीस, कोणता ड्रम कुठं ओतला म्हणून. विचारलं असतंस तर खोटं बोललो नसतो. बहुतेक.

यंदा मीच कडबा कापला, भिजवला, तुझ्या जुन्या लुगड्यातून गाळला. ड्रमवर चुन्यानं खूण केली. गवत आलं, पण तुरळक. कमलबाईंनी बांधावरून विचारलं, "काय मारलं रे?" मी पुन्हा टाळलं.

उद्या त्या जे थोडं आहे ते निंदायला येणार आहेत. भाकरीच्या वेळी सगळ्या बायका बसल्या की सांगेन, पाणी आत्याचं खरं होतं, ड्रम मी अदलाबदल केले. ते सांगितल्याशिवाय कोणत्याच गाडीत बसणार नाही, हा शब्द. हसू दे त्यांना. यावेळी माझ्यावर.

जय भीम, आत्या.

तुझा भाचा,
राजू