पहिल्या सोमवारची अट

प्रिय चिमणे,

भिंतीपलीकडच्या खोलीत झोपणाऱ्या बापाचं पत्र डब्याखाली सापडलं म्हणून घाबरू नकोस. मी ठणठणीत नाही, पण ठीक आहे. तोंडाने बोलायला गेलो की तू मध्येच विचारतेस, "बाबा, आज पाणी किती प्यायलात?" आणि माझा विषय तिथेच बारगळतो. कागदाला कुणी मध्ये अडवत नाही, म्हणून हा खटाटोप.

तुझा बाप चौकस आहे, हे तुला नव्याने सांगायला नको. पस्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. दार अडलं की मागे काय अडकलंय ते बघितल्याशिवाय चैन पडत नाही. डायलिसिसच्या खुर्चीत बसल्या बसल्या मी तंत्रज्ञ बाईंना यंत्राबद्दल इतकं छळलं की परवा त्या म्हणाल्या, "काका, उद्यापासून तुम्हीच बघा सगळं, मी जाते घरी." रक्त माझं, यंत्र त्यांचं आणि विमा तुझ्या ऑफिसचा, अशी ही आमची भागीदारी आठवड्यातून तीनदा चालते. कुरिअरच्या तक्रार खिडकीवर दिवसभर लोकांचं ऐकून घेऊन तू घरी येतेस आणि चप्पल काढायच्या आधी माझी सुजलेली पावलं दाबून बघतेस. त्या विम्याशिवाय माझा एक महिनाही निघणार नाही, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. आपण दोघं त्यावर बोलत मात्र नाही.

आता मुद्द्यावर येतो. तीन महिन्यांपूर्वी तू त्या नकाशांच्या कार्यशाळेत मुलाखत देऊन आलीस. अंधांना बोटांनी वाचता येतील असे नकाशे करतात तिथे. चार दिवसांनी म्हणालीस, "दुसरीला घेतलं, बाबा," आणि संध्याकाळभर गाणं गुणगुणत फळ्या पुसत बसलीस. हुकलेल्या माणसाला इतकं गाणं सुचत नाही. शिवाय सात वर्षांची असताना तू घराचा नकाशा काढून माझी तंबाखूची डबी कुठे लपवलीय ते आईला दाखवलं होतंस. अशा मुलीला नकाशेवाले नाकारतात म्हणजे कमालच झाली. म्हणून गेल्या मंगळवारी, तू कामावर गेल्यावर, दोन बस बदलून मी तिथे जाऊन आलो. रागावणार असशील तर हा परिच्छेद संपला की रागाव, पण पुढचं वाच.

तिथल्या प्रमुख बाईंना दिसत नाही. माझ्या पावलांवरून त्यांनी माझं वय अचूक ओळखलं आणि मी नोकरीसाठी आलोय असं समजून अगदी नरमाईने नकार द्यायला लागल्या. मी सरळच विचारलं की आमच्या मुलीत काय खोट निघाली. त्या म्हणाल्या, "अहो, खोट कसली? तिलाच तर घेतलं होतं. नाही म्हणाली ती." कारणही त्यांनी सांगितलं. नवा माणूस तिथे महिन्याच्या पहिल्या सोमवारीच रुजू होतो. त्या दिवशी त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला सगळी इमारत फिरवतात आणि संध्याकाळी हाताला जे कळलं त्याचा नकाशा करायला लावतात. मग नाव नोंदवतात, विमाही त्याच दिवसापासून. आणि तुमचे कुरिअरवाले माणूस सोडतात तो पंधरा तारखेलाच. मधल्या जवळजवळ तीन आठवड्यांत विम्याशिवाय माझं काय, हा तुझा प्रश्न तू त्यांना फोनवर सांगितला होतास. त्यात खंड पडला की नवा विमा जुनं दुखणं घेत नाही, हेही तू शोधून काढलं होतंस. चौकसपणा कुणाकडून आला ते सांगत नाही.

मी विचारलं, सोमवारच का? बाईंनी सगळ्यांत जुन्या कारागिराला बोलावलं. तो डोकं खाजवत म्हणाला की वरच्या मजल्यावर पूर्वी भाडेकरू होते, त्यांच्या खोल्या त्याच एका दिवशी रिकाम्या मिळायच्या. भाडेकरू कधी गेले? अकरा वर्षं झाली! दोघं इतके हसले की मलाही ठसका लागला. आजवर कुणी विचारलंच नव्हतं म्हणे. तू सोळा तारखेला आलीस तर सोळाला पट्टी बांधतील. विमा कंपनीलाही मी चार फोन केले. तिघांनी एकच उत्तर दिलं, चौथ्याने संगीत ऐकवलं. एका दिवसाचाही खंड नको आणि माझं नाव पहिल्याच दिवशी घालायचं, मग आजार जुना असला तरी चालतो. लेखी मागवलंय, सोबत जोडलंय. तरी तू स्वतः पुन्हा विचार, माझ्यावर विसंबू नकोस. भीती वाटते का म्हणशील, तर वाटते. एक कागद चुकला तर जीव माझाच टांगणीला लागणार. पण तुला त्या खिडकीत बसलेली बघण्याची भीती त्याहून मोठी आहे.

एवढंच असतं तर नुसते कागद पुढे ठेवून भागलं असतं. पण निघताना मी बाईंना तुझं नकाराचं पत्र मागितलं. मागायला नको होतं, खोड जात नाही. त्यांचा संगणक पत्रं वाचून दाखवतो, सपाट आवाजात, कुठे थांबावं ते त्याला कळत नाही. तू लिहिलं होतंस, "घरात एक आजारपण आहे, त्यामुळे मला येता येणार नाही." बाईंना दिसत नव्हतं ते बरंच झालं. चिमणे, हे पत्र त्या एका ओळीसाठी आहे. त्यांनी जागा अजून भरलेली नाही, तुला पुन्हा लिहावं लागेल. तेव्हा ती ओळ बदल. लिही, की घरात बाबा आहेत, आणि ते म्हणतात, जा.

तुझाच,
बाबा