पाणी जातं कुठे?

१ सप्टेंबर, संध्याकाळ
नवा देश, नवी खोली, नवी वही. या वहीत फक्त खरं लिहायचं. कोणी वाचणार नाही, त्यामुळे नम्रपणाचीही गरज नाही.

खोली वरच्या मजल्यावर. खाली घरमालकीणबाई. निवृत्त शिक्षिका, एकट्या, सत्तरीच्या पुढच्या. वर आम्ही तिघं. मी, पीएचडी करणारी एक मराठी मुलगी, जिला पहिल्या पाच मिनिटांतच ताई म्हणून टाकलं, आणि भलत्याच कुठल्या देशातून आलेला एक साडेसहा फुटी मुलगा. त्याचं नाव तीनदा विचारलं, तिन्ही वेळा वेगळं ऐकू आलं. लंबू.

खोली तीन महिन्यांच्या ट्रायलवर आहे. ३० नोव्हेंबरला बाई ठरवणार, वर्षभर ठेवायचं की नारळ द्यायचा. इथे खोल्यांची मारामार. गेले सतरा दिवस एका सीनियरच्या सोफ्यावर पाय दुमडून झोपलोय. खोली मिळाली सांगितलं तर आई फोनवर रडली. तेव्हा ही खोली जाता कामा नये. अर्थात तसा प्रश्नच नाही. माझ्यासारखा भाडेकरू बाईंना दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही.

संकल्प: पहाटे उठणं, व्यायाम, स्वतःचा स्वयंपाक, आणि घरातल्या इतरांना थोडी शिस्त.

२ सप्टेंबर
बाथरूम नीट पाहिली. बांधणारा मोरीच विसरलाय! जमिनीला उतार नाही, जाळी नाही, साधं भोक नाही. मी सिव्हिलचा माणूस, एका नजरेत चूक पकडली. ताई म्हणाली, चूक नाही रे, इथे असंच असतं, टबात उभं राहायचं, पडदा आत सोडायचा आणि शॉवर घ्यायचा. दोन वर्षं इथे राहून माणूस कसा सवयीचा गुलाम होतो बघा.

शॉवर घेऊन पाहिला. वरून कोणीतरी शिंकतंय असं वाटत राहिलं. याला आंघोळ म्हणत नाहीत.

५ सप्टेंबर
बादली मिळाली. तीन दुकानं पालथी घातली. दुकानदाराने विचारलं, फरशी पुसायला हवी का? म्हटलं, नाही, मला. त्याने पुढे काही विचारलं नाही. आंघोळीचा मग आईने बॅगेत दिलाच होता, निळा, स्वेटरमध्ये गुंडाळून. बसायला एक बुटकं प्लॅस्टिकचं स्टूलही घेतलं.

सकाळी साडेसातला बादलीभर कडकडीत पाण्याने आंघोळ. तीन आठवड्यांनी माणसात आलो. जमिनीवरच, स्टुलावर बसून. टबात त्या वेळी माझे कपडे भिजत असतात, आणि जिथे मोजे भिजतात तिथे मी बसणार नाही. शेवटी काही तत्त्वं असतात.

आईला व्हिडिओ कॉलवर बादली दाखवली. खूश झाली. मग म्हणाली, पण अरे, जमिनीवरचं पाणी जातं कुठे? आईला नको तिथे शंका. म्हटलं, पाणीच ते, आपली वाट काढतं. टबाच्या कडेला एक फट आहे, तिथून दहा मिनिटांत सगळं गायब, फरशी ठणठणीत कोरडी. मागून बाबा म्हणाले, इंजिनियर आहे तो, त्याला कळतं. बाबांना माणसांची पारख आहे.

१२ सप्टेंबर
व्यायाम सोमवारपासून.

१९ सप्टेंबर
डाळ केली. फोडणीत मोहरी पडली आणि धुराचा अलार्म केकाटायला लागला. या यंत्राला आग आणि जेवण यातला फरक कळत नाही. लंबूने नुसता हात वर करून ते बंद केलं. उंचीचा त्याला एवढा तरी उपयोग.

व्यायाम पहिल्या तारखेपासून. तारीख गोल असली की बरं असतं.

४ ऑक्टोबर
बाईंनी तिघांना खाली बोलावलं. त्यांच्या स्वयंपाकघराच्या छतावर पिवळट ओला डाग. ताटलीएवढा. रोज थेंब पडतात, तुम्हाला काही कल्पना आहे का, असं त्यांनी अगदी सौम्यपणे विचारलं. लंबू छताकडे बघत राहिला. ताई माझ्याकडे. मी पुढे झालो. म्हटलं, काळजी सोडा, माझा अभ्यासाचा विषयच पाण्याची गळती आहे, महिन्याभरात छडा लावतो. बाईंना इतकं बरं वाटलं की त्यांनी मला बिस्किट दिलं. बाकी दोघांना नाही!

ट्रायलचा निकाल आजच लागला असं धरायला हरकत नाही.

६ ऑक्टोबर
तपास सुरू. बाथरूमच्या दारावर तक्ता लावला. प्रत्येकाने आंघोळीची वेळ लिहायची.
ताई: सकाळी साडेसहा, पाच मिनिटं.
लंबू: संध्याकाळी सहा, तीन मिनिटं.
मी: साडेसात, पंचवीस मिनिटं.
बाई म्हणतात, थेंब पडतात बरोबर पावणेआठला, त्या चहा घ्यायला बसतात तेव्हा.

निष्कर्ष: ताईचं पाणी खाली पोचायला सव्वा तास लागतो. तिला कागदावर आकृती काढून समजावलं. ती आधी आकृतीकडे आणि मग बराच वेळ माझ्याकडे बघत होती. म्हणाली, तू ती बादली टबात ठेवून का नाही आंघोळ करत? विषय काय, ही बोलते काय. बहुधा समजलं नसावं. तिची पीएचडी वनस्पतींवर आहे.

१५ ऑक्टोबर
थिअरी बदलली. ताई निर्दोष. लंबूच.
माणूस साडेसहा फुटी. शॉवरचं पाणी त्याच्या खांद्यांवर आपटतं आणि लांब उडतं. साधं भौतिकशास्त्र आहे. त्याला सांगितलं, पडदा नीट लाव. म्हणाला, लावतो. म्हटलं, आणखी नीट लाव, आणि शक्यतो खाली बस. गरीब मुलगा आहे. आजपासून टबात उकिडवा बसून शॉवर घेतो. बाहेर येतो तेव्हा गुडघे धरून येतो.

वेळेचा मेळ बसत नाही, पण प्रत्येक थिअरीत काहीतरी उरतंच.

ताई जाता जाता म्हणाली, काखेत कळसा. अर्धीच म्हण. घाईत असेल.

२४ ऑक्टोबर
चार दिवस कॉलेजतर्फे धरण बघायला गेलो होतो. परत आलो तर आनंदी आनंद. डाग वाळलाय! चार दिवसांत एक थेंब नाही. बाईंनी स्वतः दारात येऊन सांगितलं. मी लंबूला दम दिला होता, त्याचा असर व्हायला थोडे दिवस गेले, इतकंच.

ताई म्हणाली, या चार दिवसांत घरात काय वेगळं होतं, शांतपणे विचार कर. केला. मी पाठ फिरवली तरी घर शिस्तीत चालतं, हे वेगळं होतं. याला नेतृत्व म्हणतात.

२५ ऑक्टोबर, सकाळी आठ
थेंब पुन्हा सुरू. मी परत आलो हे कोणाला तरी खुपलेलं दिसतंय.

८ नोव्हेंबर
डाग परातीएवढा. पोपडे सुटायला लागलेत. सकाळी खाली गेलो तर बाई खुर्ची भिंतीला लावून, कोपऱ्यात अंग चोरून चहा पीत होत्या. टेबलावर पातेलं, त्यात टप टप. म्हणाल्या, चाळीस वर्षं या टेबलाशी बसतेय, आता छत डोक्यावर पडेल म्हणून भीती वाटते. मला वाईट वाटलं. इथे खरंच लिहायचंय म्हणून लिहितो, फार वाईट वाटलं. माझी आजी अशीच कडेला सरकून बसायची.

खुनशी माणूस आहे हा जो कोण आहे तो. आता दयामाया नाही.

९ नोव्हेंबर
बाईंसमोर घराची मीटिंग घेतली. दोन ठराव मांडले. एक, दोषी माणसाने बाईंचं छत स्वतःच्या हाताने रंगवून द्यावं. दोन, त्याने घर सोडावं. ताई म्हणाली, दुसरा ठराव राहू दे, नंतर अंगाशी येईल. म्हटलं, कोणाच्या? ती म्हणाली, कोणाच्या का असेना. म्हटलं, न्याय म्हणजे न्याय, तिथे भिडेला जागा नाही. सगळ्यांनी सह्या केल्या. माझी सही सर्वांत मोठी. लंबूची सर्वांत बारीक. नोंद घेतली.

बाईंनी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि प्लंबरला फोन केला. बावीस तारखेची वेळ मिळाली. म्हणजे मी आठ दिवस आधी ट्रायल पास होणार.

१४ नोव्हेंबर
आईला सांगून टाकलं, खोली पक्की झाली. तसं अजून व्हायचंय, पण आठ-दहा दिवसांसाठी तिला कशाला घोर. बाबांनी म्हणे सोसायटीत पेढ्यांचं बोलून ठेवलंय.

२२ नोव्हेंबर, दुपार
प्लंबर येऊन गेला.

क्रमाने लिहितो. आधी त्याने खालचं छत ठोकलं. मग टबाची बाजू उघडली, सगळे पाईप तपासले. दोन तास. म्हणाला, एकही पाईप गळत नाही, नव्यासारखे आहेत. मी म्हटलं, पुन्हा बघा. त्याने नाही बघितलं. तो बघत होता माझ्या स्टुलाकडे. मग बादलीकडे. मग निळ्या मगाकडे. विचारलं, हे काय आहे?

मला वाटलं, शिकण्याची इच्छा आहे माणसाला. सगळी पद्धत समजावून सांगितली. ऐकून घेतलं आणि म्हणाला, पण पाणी जातं कुठे? या देशातल्या प्लंबरची आणि आमच्या आईची कधी ओळख झाली कोण जाणे! म्हटलं, दाखवतो, दहा मिनिटांत गायब होतं. आणि अर्धी बादली ओतली.

दहा मिनिटं लागली नाहीत. पाणी फटीतून शिस्तीत आत गेलं आणि खालून बाईंची किंकाळी आली. थेट चहाच्या कपात.

प्लंबर माझ्याकडे बघत होता. ताई दारातून बघत होती. लंबू ताईच्या डोक्यावरून बघत होता. मी म्हटलं, मोरी ठेवली असती तर ही वेळच आली नसती. हे म्हणताना आवाज जरा चिरकला.

२२ नोव्हेंबर, संध्याकाळ
बॅग काढली. स्वेटरमध्ये मग गुंडाळला.
सीनियरला मेसेज केला. त्याचा सोफा आता दुसऱ्याच कोणाकडे आहे.

२३ नोव्हेंबर
ताईला विचारलं, तुला माहीत होतं तर बोलली का नाहीस? म्हणाली, तीनदा बोलले. मी वही चाळली. बोलली होती. माझ्याच अक्षरात आहे.

लंबूची माफी मागितली. त्याने बराच विचार करून एवढंच विचारलं, म्हणजे आता उभं राहिलो तर चालेल?

घरी फोन केला नाही. काय सांगू? आई पुन्हा रडेल, आणि या वेळचं रडणं वेगळं असेल. माझाच ठराव, माझीच मोठी सही. खड्डा असा नीट आखून खणायला सिव्हिलचाच माणूस लागतो.

२९ नोव्हेंबर
आठवडाभर टबात उभं राहून शॉवर. शिंका सहन करतोय. डाग वाळतोय. बाई जिन्यात भेटतात, मान हलवतात आणि पुढे जातात. उद्या निकाल.

३० नोव्हेंबर
सकाळी अकराला खाली बोलावणं. मी इस्त्रीचा शर्ट घालून, बॅग दाराशी ठेवून गेलो. टेबलावर ठरावाचा कागद. बाईंनी चष्मा लावला, लाल पेन काढलं. पहिल्या ठरावापुढे बरोबरची खूण. दुसऱ्या ठरावावर सरळ काट मारली आणि म्हणाल्या, माझ्या घरातून कोणाला काढायचं ते मी ठरवते, भाडेकरू नाही. मग वर्षभराचा करार पुढे सरकवला. तुझ्याइतकी मेहनत घेऊन चुकीचं उत्तर काढणारा विद्यार्थी मला चाळीस वर्षांत मिळाला नाही, म्हणाल्या.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रुमालाने लगेच टिपलं. खाली पडू दिलं नाही.

जाताना म्हणाल्या, ती बादली टबात ठेवून आंघोळ कर, कोण नको म्हणतंय. टबातले मोजे काढ म्हणजे झालं.

दुपारी छत रंगवायला घेतलं. शिडी लंबूने धरली. त्याला शिडीची गरज नव्हती, पण ठरावात 'स्वतःच्या हाताने' असं मीच लिहिलंय. जिथे डाग होता तिथे पांढरं केलं, तर उरलेलं सगळं छत मळकट दिसायला लागलं. बाई खालून म्हणाल्या, आता सगळंच करावं लागेल. व्यायाम सुरू झाला एकदाचा.

संध्याकाळी आईचा कॉल. केसांवर, भुवईवर रंग. म्हणाली, हे काय? म्हटलं, काही नाही, खालच्या बाईंचं स्वयंपाकघराचं छत खराब झालं होतं, रंगवून देतोय, म्हातारं माणूस, मदत नको करायला? मागून बाबा म्हणाले, संस्कार आहेत. आईने फोन डोळ्यांजवळ नेला. मग म्हणाली, तुझी बाथरूम त्या स्वयंपाकघराच्या बरोबर वरच आहे का रे?

मी म्हटलं, आई, आवाज तुटतोय तुझा.

आवाज स्वच्छ येत होता. या वहीत फक्त खरं लिहायचं ठरलंय.