आमच्या गच्चीवर अणू नाही, याबाबत

प्रति,
मा. उपकार्यकारी अभियंता,
वीज वितरण उपविभाग कार्यालय,
वाघोली, पुणे.

अर्जदार : श्रीमती मथुराबाई सर्जेराव ढमढेरे, वय ७६, राहणार शीतलबाग सहकारी गृहरचना संस्था, बी इमारत, वाघोली.

विषय : गच्चीवरच्या सौर पॅनेलमधून अणूची किरणं गळतात, ही आमच्या संस्थेची तक्रार निकालात काढून श्री. नियाज बागवान यांचं अडलेलं काम रविवारच्या आत मार्गी लावण्याबाबत.

संदर्भ : संस्थेचे सेक्रेटरी यांनी आपल्याकडे दिलेला तक्रार अर्ज व सोबत सभासदांच्या सह्या. (पहिल्या पानावर वरून दुसरी सही सदर अर्जदाराचीच आहे.)

महोदय किंवा महोदया (आपण जे असाल ते),

१. अर्जदार मूळची नारायण पेठेतली. मुलाची कचेरी खराडीत, म्हणून सगळं बिऱ्हाड वाघोलीला आलं. गोष्टी रचून सांगणं ही अर्जदाराची लहानपणापासूनची खोड आहे. माहेरची म्हैस दुधाऐवजी थेट खवा द्यायची, असं अर्जदार लग्न झाल्यापासून सांगत आलेली आहे. आजवर त्या म्हशीविरुद्ध कोणी तक्रार अर्ज केलेला नाही. ऐकणाऱ्यांनी हसायचं आणि आपापल्या घरी जायचं, असा रिवाज होता. या वेळी ऐकणारे हसले नाहीत. ते आपल्या कार्यालयात आले.

२. अर्जदाराच्या समोरच्या दारात मेहरुन बागवान राहतात. दोघींची दारं दिवसभर उघडी असतात. म्हणजे असायची. त्यांचा मुलगा नियाज याने खराडीतली कंपनीची नोकरी सोडून सौर पॅनेल बसवायचा स्वतःचा व्यवसाय काढला, आणि त्याला पहिलं काम आमच्याच संस्थेने दिलं. जिन्यातले दिवे, लिफ्ट आणि पाण्याचा पंप उन्हावर चालायचा होता. नियाजने पॅनेल बसवली. एकेक नट हाताने पुसून बसवला, हे अर्जदाराने स्वतः पाहिलेलं आहे. फक्त आपल्या खात्याची तपासणी आणि घेतलेली-दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारा मीटर, एवढंच राहिलं होतं.

३. त्याच सुमारास ज्येष्ठ नागरिक संघात अणुऊर्जेवर व्याख्यान झालं. वक्ते तळमळीने बोलले. अणुकेंद्र उभं राहायला वर्षानुवर्षं लागतात आणि खर्च आधी सांगितला त्यापेक्षा फुगत जातो. यंत्रं थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घेतात आणि कोमट करून परत सोडतात. मासळीचं काय झालं, हे कोळ्यांना कोणी विचारत नाही. अपघात क्वचितच होतो, पण झाला की गावंच्या गावं भरल्या ताटावरून उठवावी लागतात. आणि उरलेला कचरा हजारो वर्षं राखत बसायचा. चुलीची राख निदान भांडी घासायला होते. ही राख पणतूच्या पणतूनेही हातात घ्यायची सोय नाही. अणूचा धूर होत नाही, हेही वक्त्यांनी लपवलं नाही. सूर्य रात्री कामावर येत नाही आणि वारा लहरी, हेही सांगितलं. म्हणून ऊन, वारा, ओल्या कचऱ्याचा गॅस, वीज साठवायच्या बॅटऱ्या, असं सगळं मिळून भागवावं लागेल आणि मुळात वीज जपून वापरावी लागेल, असं त्यांचं म्हणणं. हे अर्जदाराला पटलं. आजही पटतं. अर्जदाराचा गुन्हा असा की, हे खरं बोलणं घरी आणून तिने त्यात आपल्या पदरचं कालवलं आणि भलत्याच माणसाच्या दारात नेऊन ओतलं.

४. ते असं झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बागेतल्या बाकावर सगळ्याजणी बसलेल्या असताना अर्जदार म्हणाली की, सूर्य ही सगळ्यात मोठी अणुभट्टी. (हे वक्तेच म्हणाले होते, आणि ते खरं आहे.) मग तिची राख जाते कुठे? आजवर वाऱ्यावर उडून जायची. आता गच्चीवरची ही काचेची ताटं तिला धरून ठेवतात. कोणी 'इश्श' म्हणेल म्हणून अर्जदार थांबली. कोणी म्हणालं नाही. तेव्हा अर्जदाराला चेव आला. तिने आपल्या चुलत नणंदेचं एक गाव समुद्रकाठी वसवलं, शेजारी अणुकेंद्र बांधलं, आणि तिथल्या कोंबड्यांना अंधारात लखलखणारी अंडी घालायला लावली. वीज गेली की पोरं अंड्याच्या उजेडात अभ्यास करायची आणि तशीच दहावी पास झाली, असंही सांगितलं. अर्जदाराला चुलत नणंदच नाही.

५. रात्रीत ते सगळं व्हॉट्सॲपवर गेलं. कोंबड्या गळाल्या, अर्जदाराचं नाव राहिलं. 'मथुराबाईंच्या नात्यातल्या जाणकार बाईंनी डोळ्यांनी पाहिलेली हकिकत', असं. ए इमारतीतल्या पद्मजाबाईंचा मोगरा फुलायचा थांबला. सेक्रेटरी श्री. श्यामसुंदर गोरे यांनी किरणं मोजायचं यंत्र ऑनलाइन मागवलं. ते पॅनेलजवळ किंचाळलं. ते श्री. गोरे यांच्या खिशातल्या मोबाइलजवळही किंचाळतं, पण मोबाइल काही त्यांनी फेकलेला नाही. वॉचमनच्या कुत्र्याची गच्चीवर सावली पडत नाही, असंही आता सांगतात. अर्जदार शपथेवर कळवते की, तिच्या गोष्टीत कुत्रा नव्हता.

६. मग तक्रार अर्ज आला. तो सहीसाठी फिरत फिरत अर्जदाराच्या घरी आला तेव्हा श्री. गोरे म्हणाले, "काकू, तुमचीच सही नसेल तर कसं दिसेल?" अर्जदाराने सही केली. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण त्यांच्यामागे चारजण उभे होते. त्या अर्जावरून आपण तपासणी थांबवलीत, यात आपली चूक नाही. आता येत्या रविवारी सभा आहे आणि पॅनेल उतरवायचा ठराव आहे. नियाजची दुसरी दोन ठरलेली कामंही त्या मेसेजमुळे गेली. जुन्या कंपनीत परत घेतात का, ते विचारायला तो सोमवारी खराडीला जाऊन आला. जिन्यात भेटला. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "आजी, तुम्हाला माझा राग आला होता का?" अर्जदार 'छे रे' म्हणून कुकर बघायला आत गेली. कुकर लावलेलाच नव्हता.

७. अर्जदाराने खरं सांगून पाहिलेलं आहे. श्री. गोरे यांना सांगितलं, मी बनवून सांगितलं होतं. ते म्हणाले, "काकू, शेजाराला जागता, चांगलं आहे. पण आम्हाला जीव प्यारा आहे." बाकावर जाऊन सांगितलं, तर पद्मजाबाई बाकीच्यांना म्हणाल्या, "दबाव आलाय हो त्यांच्यावर." घरी सुनेला सांगितलं. सून म्हणाली, "आई, आता ही नवीन गोष्ट नका सुरू करू." अर्जदार खोटं बोलली तेव्हा एकानेही पुरावा मागितला नव्हता. आता खऱ्यासाठी शिक्क्याचा कागद लागतो, आणि शिक्का आपल्याकडे आहे.

८. सबब विनंती की, रविवारच्या आत आपण स्वतः किंवा आपला जाणता माणूस गच्चीवर पाठवावा. त्याने सगळ्यांच्या देखत पॅनेलवर हात ठेवावा, जमल्यास तिथेच बसून डबा खावा. पॅनेलमध्ये काच, धातू आणि वाळूपासून केलेल्या चकत्या असतात, अणूची राख नसते, असं सरकारी कागदावर लिहून द्यावं. खोटी माहिती पसरवल्याबद्दल काही दंड बसत असेल तर तो अर्जदाराला बसवावा. नियाजच्या कामाला बसवू नये. आणि सभेत अर्जदाराला उभं करून विचारावं. सरकारी माणूस विचारत असेल तर कदाचित लोक ऐकतील.

९. (हा परिच्छेद मागाहून वाढवला आहे.) साक्षीदाराच्या सहीसाठी हा अर्ज मेहरुन यांच्याकडे नेला. त्यांनी उंबऱ्यातच उभं राहून सगळा वाचला. म्हशीपाशी हसल्या नाहीत. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "मथुराताई, सगळं लिहिलंत. गच्चीचं कुठाय?"

तर लिहिते. गच्चीच्या दक्षिणेच्या बाजूला सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन असतं. तिथे दर उन्हाळ्यात माझं वाळवण असायचं. पॅनेल नेमकी तिथे आली. नियाजने आधी येऊन विचारलं होतं, टाकीशेजारी जागा झाडून दिली होती, वर जाळीसुद्धा बांधून दिली होती. पण टाकीची सावली दुपारी सरकत येते. माझ्या कुरडया आतून ओल्या राहिल्या आणि त्यांना बुरशी धरली. त्याच दिवशी संध्याकाळी मी बाकावर जाऊन बसले होते. मला अणूची भीती वाटत नव्हती, गंमतही करायची नव्हती. मला ती ताटं तिथून हलायला हवी होती. पोरगं हलेल, हे माझ्या मनात आलं नाही. खरं तर एकदा आलं होतं, चौथ्या की पाचव्या कोंबडीपाशी. तरी मी बोलत राहिले.

म्हणून मी हेही लिहून देते की, गच्चीची ती बाजू मला नको. यंदाही नको आणि पुढेही नको.

आपल्या माणसाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
(सही)
मथुराबाई सर्जेराव ढमढेरे
वाघोली, दि. १४ मे २०२४

साक्षीदार : (सही) मेहरुन शमशुद्दीन बागवान

सोबत :
१) तक्रार अर्जावरची माझी सही मागे घेत असल्याचं पत्र.
२) अणुऊर्जेवरच्या व्याख्यानाचं पत्रक. (यात कोंबड्या नाहीत, हे कृपया पाहून घ्यावं.)

ता. क. : साक्षीदाराने नववा परिच्छेद दोनदा वाचला, मग सही केली आणि पेन परत दिलं. या, चहा टाकते म्हटलं, तर म्हणाल्या, "आधी मीटर बसू दे."