खोलीची दुसरी चावी

लातूर,
रविवार, १६ डिसेंबर २०१२

ती. आत्याबाईंना,
लुंबिनीचा सप्रेम जय भीम.

तुमचे गुडघे कसे आहेत? विशाखाचा ताप उतरला, परवापासून क्लासला जाऊन राहिली. बारावीच्या वर्षात दहा दिवस बुडाले, पण भरून काढते म्हणते. बिलोलीत थंडी लई असेल, पहाटे उठून भाकरी थापू नका.

हे पत्र तुम्हाला तुमचा लेकच वाचून दाखवणार, म्हणजे दोघांना एकदमच कळेल. फोनवर मला जमलं नाही. अहो, मधलं काही गाळू नका.

जूनपासून मी इथल्या कॉलेजात एमएस्सी गणिताच्या वर्गात बसते. प्रवेश घेतलेला नाही, हजेरीत नाव नाही, परीक्षा नाही, पदवीही मिळणार नाही. शिकवणाऱ्या पंचफुला मॅडम म्हणाल्या, "बसायचं तर बसा, शेवटच्या बाकावर." विशाखा क्लासला गेली की मी खोलीला कुलूप लावून जायचे. पोरं मला काकू म्हणतात. भूकंपाच्या साली बाबांनी मला होस्टेलवरून घरी नेलं आणि लगेच लग्न झालं, तेव्हा गणिताचा जो धडा अर्धा सुटला होता, तिथून पुढं मला शिकायचं होतं. तुम्ही तिथं माझी चूल अंगावर घेतली ती मी इथं राहून बारावीच्या पोरीला सांभाळावं म्हणून, आणि मी हे करत होते.

तीन तारखेला विशाखा तापानं फणफणून लवकर परत आली. दाराला कुलूप, चावी माझ्या पर्समध्ये, फोन वर्गात बंद केलेला. दोन तास ती जिन्यात बसली. मी आले तेव्हा घरमालकीण शिवकांताबाई तिच्या कपाळावर ओला रुमाल ठेवत होत्या. "कुठं होता ओ तुम्ही? पोरगी कवाची बसून हाय." मी म्हटलं, बाजारात. संध्याकाळी तुमचा फोन आला, तेव्हा तुम्हाला सांगितलं की मी दिवसभर तिच्या उशाशीच होते. तुम्ही तिला विचारलं, तर तीही म्हणाली, "हाव आजी, आई इथंच होती." टायफॉइडची पोरगी माझ्यासाठी खोटं बोलली.

अजून एक राहिलं. ती जिन्यात दिसली तेव्हा माझ्या मनात आधी आलं, आता उद्याचा तास बुडणार. कपाळाला हात नंतर लावला. हे कुणालाच सांगितलं नव्हतं. मला माझीच शरम वाटते, आत्याबाई.

त्या दिवसापासून मी वर्गात गेले नाही. वही पेटीत ठेवली. काल विशाखा चावीवाल्याकडून खोलीची दुसरी चावी करून आली. म्हणाली, "परवा सोमवार आहे, तू जा. मला आता दार उघडता येतं." मी तिच्यावर रागावले, मग रडत बसले.

उद्या मी जाणार नाही. तुम्ही सांगाल तसं करीन. उत्तर तुमच्या शब्दांत लिहून घ्या, लेकाला त्याच्या मनाचं लिहू देऊ नका. नको म्हणालात तर वही मॅडमना देऊन टाकीन. जा म्हणालात तरी मी केलं ते कमी होत नाही, एवढं मला कळतं. पण आता तुमच्याशी खोटं बोलायचं नाही ठरवलंय, म्हणून लिहिते. तुम्ही जा म्हणावं, असंच मला वाटतं.

तुमच्या नातीला खोटं बोलायला लावणारी,
तुमची सून
लुंबिनी