बुरुजावरची हाक

धाकटे, ताईचे आशीर्वाद.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. तुझे भाऊजी गेल्यापासून मुलगा मला इथे घरात बसूच देत नाही. दर शनिवारी गाडीत घालून एखादं जुनं गाव दाखवायला नेतो. दगडी रस्ते, वेशी, मनोरे, सगळं बघते गं, पण आत काही उतरत नाही.

काल एका बुरुजावर चढलो. खाली नदीचं वळण दिसलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, बघा ना!"

मुलगा मागेच होता. म्हणाला, "बघतोय."

मग दोघंही खाली उतरलो.

तुझे गुडघे कसे आहेत? जिने चढू नकोस.

मला अजून रडू आलेलं नाही. येईल तेव्हा तुलाच फोन करीन, उचल.

तुझी,
ताई